११६१ म्हणजे कधी?

पानिपतावर मराठ्यांची फौज कापली गेली तो दिवस शाळेत शिकलेल्या प्रत्येकाला पाठ असतो, १४ जानेवारी १७६१. पण त्या दिवशी रणात उभ्या असलेल्या मराठ्याला हा आकडा सांगितला असता, तर त्याला काहीच बोध झाला नसता. पंचांगात ती पौष शुद्ध अष्टमी होती, शके १६८२, विक्रम नाम संवत्सर. पेशव्यांच्या दफ्तरात सुहूर सन ११६१ चालू होतं. अब्दालीच्या छावणीत हिजरी ११७४. शिवाजी महाराजांनी सुरू केलेल्या राज्याभिषेक शकाचं ८७ वं वर्ष. उत्तरेतल्या सावकाराच्या वहीत संवत १८१७. आणि दख्खनमध्ये जिथे वसूल फसली सनाने मोजला जात होता, तिथे फसली ११७०. एकच दिवस, त्याचे सात आकडे, आणि सातही बरोबर.

मी मोडी लिपी शिकवते आणि लोकांच्या घरचे जुने कागद वाचून देते. या कामात अक्षर लावणं हा निम्मा भाग. उरलेला निम्मा म्हणजे कागदावरचं साल कोणत्या सनातलं आहे ते ठरवणं. मोडी चार-सहा महिन्यांत हाताखालून जाते. कालगणनेला मात्र लोक घाबरतात. घाबरण्यासारखं त्यात काही नाही. फक्त आकड्याच्या आधीचं अक्षर सोडून आकडा वाचायचा नाही, एवढी सवय लावावी लागते.

वर्गातला एक मुलगा साताऱ्याकडचा. गावच्या वाड्यातल्या इनामपत्राचा फोटो त्याने मोबाइलवर आणला होता. घरच्यांनी कुणाकडून तरी वाचून घेतलं होतं आणि मागे पेनाने ‘११६१’ असं लिहिलंही होतं. “मॅडम, आमचं इनाम यादवांच्याही आधीचं निघतंय,” तो म्हणाला. हिशेबाने त्याचं बरोबर होतं, कारण यादवांचा भिल्लम स्वतंत्र झाला तो ११८७ च्या सुमारास. मी त्याला फोटोचा वरचा भाग मोठा करायला सांगितला. तिथे मोडीत स्पष्ट होतं, ‘सु॥ इहिदे सितैन मया व अलफ’. खाली शेवटी ‘छ २१ साबान’.

‘सु॥’ म्हणजे सुहूर. पुढचे शब्द आकडेच आहेत, पण अरबी आणि एककापासून सुरू होणारे. इहिदे एक, सितैन साठ, मया शंभर, अलफ हजार. बेरीज ११६१. दोन ते नऊ असे चालतात: इसन्ने, सलास, अर्बा, खमस, सीत, सबा, समान, तिसा. दहाला अशर. पुढचे दशक अशरीन, सलासीन, अर्बैन, खमसैन, सितैन, सबैन, समानीन, तिसैन. दोनशे झाले की मयातैन. एवढे शब्द पाठ केले की पेशवाईतल्या बहुतेक कागदांचं वर्ष तुम्हाला लावता येतं. वर्गात मी हे पाढ्यांसारखे म्हणून घेते.

सुहूरचं वर्ष मृग नक्षत्र लागलं की बदलतं, आजच्या हिशेबाने जूनच्या पहिल्या आठवड्यात. म्हणून त्याला मृगसालही म्हणत. सुहूर सनात ५९९ मिळवले की मृगापासून डिसेंबरपर्यंतचं इसवी वर्ष मिळतं, ६०० मिळवले की जानेवारीपासून पुढच्या मृगापर्यंतचं. त्या मुलाच्या कागदावर वर्ष ११६१ होतं, म्हणजे १७६०-६१. आता राहिला ‘छ’. हा चंद्र, म्हणजे मुसलमानी महिन्याची तारीख. साबानची एकविसावी तारीख त्या साली कधी पडली हे जंत्रीत, म्हणजे तारखा जुळवून दिलेल्या कोष्टकांच्या पुस्तकात बघायचं. ती मार्च १७६१ च्या अखेरीस येते. तेव्हा मिळवायचे ६००. पानिपत होऊन दोन-अडीच महिने झाले होते, नानासाहेब पेशवा अजून जिवंत होता, जूनमध्ये तो गेला. इनाम यादवांच्या आधीचं नव्हतं खरं, पण मराठी राज्याच्या सर्वांत अवघड वर्षात कुणीतरी बसून ते पत्र लिहिलं होतं. त्या मुलाचा चेहरा उतरला नाही, उलट खुलला.

दफ्तरात सुहूर सन आला कसा, ते समजून घेण्यासारखं आहे. हिजरी वर्ष चांद्र, साधारण ३५४ दिवसांचं. ते ऋतूंच्या मागे-पुढे सरकत राहतं आणि तेहेतीस वर्षांत सगळे ऋतू फिरून येतं. त्यावर शेतसारा वसूल करता येत नाही; पीक उभं असताना वर्ष संपून जातं. म्हणून इ.स. १३४४ च्या सुमारास, मुहम्मद तुघलकाच्या काळात, दख्खनमध्ये हिजरी ७४५ हाच आकडा घेऊन त्याला सौर वर्षाला बांधलं. तिथून दोन्ही सन आपापल्या चालीने निघाले. पानिपतापर्यंत सुहूर ४१६ वर्षं चालला आणि ११६१ वर पोचला. तेवढ्याच काळात हिजरीची ४२९ वर्षं झाली आणि तो ११७४ वर पोचला. मघाच्या दोन आकड्यांतला तेरा वर्षांचा फरक आला तो इथून. महिने मात्र सुहूरने हिजरीचेच ठेवले, वर्ष सौर आणि महिने चांद्र. त्यामुळे एकाच सुहूर वर्षात एखादा मुसलमानी महिना दोनदाही येऊ शकतो. जंत्रीशिवाय इथे भागत नाही. मोडकांची जंत्री आणि खरे जंत्री ही आमच्या कामातली रोजची पुस्तकं. त्याहून मागे जायचं असेल, तर स्वामीकन्नू पिल्लै यांचे इंग्रजी खंड आहेत, इ.स. ७०० पासूनचे.

फसली सनाचा उद्देशही हाच होता, पीक आणि वसूल यांचा मेळ. तो उत्तरेत अकबराच्या आणि दख्खनमध्ये शाहजहानच्या काळात आला. दख्खनी फसलीत ५९० किंवा ५९१ मिळवायचे. म्हणजे सुहूरपेक्षा त्याचा आकडा नऊने मोठा. मराठवाड्यातल्या लोकांनी हे जरूर लक्षात ठेवावं, कारण निजामी राज्यातले जमिनीचे कागद आणि जुने दाखले फसलीतच आहेत.

आता नाण्यांकडे वळू. नाणी गोळा करणाऱ्यांकडे पुण्याच्या टांकसाळीचा अंकुशी रुपया असतो. एका बाजूला अंकुशाची खूण, नाव दिल्लीच्या शाह आलमचं. पेशवाई १८१८ मध्ये संपली तरी कंपनी सरकारने हा रुपया पुढे काही वर्षं पाडणं चालू ठेवलं, आणि त्यावर फसली साल घातलं. समजा त्यावर १२३६ आहे. हिजरी समजून वाचलं तर १८२०-२१ येतं, सुहूर समजलं तर १८३५-३६. खरं उत्तर फसलीचं, १८२६-२७. तिन्ही उत्तरं दिसायला शक्य कोटीतली वाटतात, हीच त्यातली धोक्याची गोष्ट. ११६१ ला शंका तरी येते. पंधरा वर्षांच्या फरकाची शंका कुणाला येत नाही, आणि तो आकडा पुढे लिलावाच्या यादीत, तिथून पुस्तकात जातो.

याच्या उलट शिवराई. ‘श्री राजा शिव’ आणि ‘छत्रपति’ एवढंच त्या तांब्याच्या नाण्यावर, साल नाहीच. नंतरच्या छत्रपतींच्या काळात आणि पेशवाईतही याच नमुन्याची नाणी पडत राहिली. म्हणून जाणकार तिच्या पाकिटावर नेमकं वर्ष लिहीत नाही, ‘सु.’ लिहून शतक लिहितो. हे ‘सु.’ म्हणजे सुमारे. मोडी कागदावरचं ‘सु॥’ वेगळं. पाकिटावर ‘सु.’ बघून कुणी नाराज होऊ नये. ज्याने ते लिहिलं त्याने प्रामाणिकपणे लिहिलं आहे, असं समजावं.

शके हा आपला घरचा सन, तरी त्यातही घोटाळा होतो. लोकांना ‘७८ मिळवा’ एवढंच माहीत असतं. गुढीपाडव्यापासून डिसेंबरअखेरपर्यंत ७८, हे खरं. जानेवारी लागला की ७९, कारण इसवी वर्ष बदललेलं असतं आणि शक अजून जुनाच असतो. पौषातली पानिपतची लढाई शके १६८२ ची, ७८ मिळवले तर १७६० येतं आणि सगळा इतिहास एक वर्ष मागे जातो. शिवाजी महाराजांचा जन्म फाल्गुन वद्य तृतीया शके १५५१, तिथेही ७९ च मिळवायचे, मग १६३० येतं. विक्रम संवतात ५७ किंवा ५६ वजा करायचे, पण गुजरातेत वर्ष कार्तिकात बदलतं आणि उत्तरेत चैत्रात. म्हणून गुजराती पेढीची वही आणि बनारसची पोथी यांना एकच सूत्र लावता येत नाही.

शके तपासायला एक फार चांगली युक्ती आपल्याकडे आहे, आणि ती वापरणारी माणसं कमी होत चालली आहेत याचं मला वाईट वाटतं. शक वर्षात १२ मिळवा, ६० ने भागा, बाकी उरेल तो संवत्सराचा क्रमांक. प्रभव पहिला, विभव दुसरा, असं मोजत जायचं. १६८२ मध्ये १२ मिळवून ६० ने भागलं तर बाकी १४, चौदावा विक्रम. राज्याभिषेकाचा शके १५९६ घ्या, बाकी ४८ उरते, अठ्ठेचाळिसावा आनंद. महाराजांच्या राज्याभिषेकानंतरच्या पत्रांवर आनंद नाम संवत्सर आहेच. शिलालेखाचा आकडा झिजलेला असला आणि संवत्सराचं नाव वाचता येत असलं, तर हा हिशेब आपल्याला तारतो.

अलिबागजवळ अक्षीला जो मराठी शिलालेख आहे, त्याचंच बघा. शं. गो. तुळपुळे यांनी त्यावर शके ९३४ आणि परिधावी संवत्सर असं वाचलं. ९३४ अधिक १२, साठाने भागून बाकी ४६. सेहेचाळिसावा संवत्सर परिधावीच. म्हणून इ.स. १०१२ हे वर्ष देऊन हा लेख सर्वांत जुन्या मराठी लेखांत मोजला गेला. दुसऱ्या काही अभ्यासकांनी मात्र तोच आकडा ११३२ असा वाचला, म्हणजे इ.स. १२१०. ११३२ ला हिशेब लावला तर बाकी ४ उरते, प्रमोद येतो. म्हणजे वाद नुसत्या अंकांचा राहत नाही, झिजलेल्या नावाचं वाचनही पुन्हा तपासावं लागतं. दोनशे वर्षांचा फरक हा मराठी भाषेच्या वयाचा प्रश्न आहे, आणि तो एका खारट वाऱ्याने खाल्लेल्या दगडावर अवलंबून आहे. सोलापूर जिल्ह्यातल्या हत्तरसंग कुडलच्या मंदिरातल्या लेखाचा शके ९४०, म्हणजे इ.स. १०१८; अक्षीचा आकडा कसा वाचता त्यावर या दोन लेखांत जुना कोणता ते ठरतं.

त्याहून कितीतरी मागे, सातवाहनांच्या काळात गेलं की सनाचं नावच सापडत नाही. सातवाहनांच्या लेण्यांतले लेख राजाच्या कारकिर्दीची वर्षं सांगतात, ‘अमुक राजाचं अठरावं वर्ष’, ‘चोविसावं वर्ष’. शकाला आपण शालिवाहनाचं नाव लावतो, पण सातवाहन राजांनी स्वतः तो शक कधी वापरला नाही. ते नाव कित्येक शतकांनंतर चिकटलं. नाशिकच्या पांडवलेण्यांत क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याच्या दानलेखांत ४१, ४२, ४५ अशी वर्षं आहेत, जुन्नरला नहपानाचा मंत्री अयम याच्या लेखात ४६. पुढे कुठलं अक्षर नाही. शक सन धरला तर ४६ चं इ.स. १२४ होतं. कारकिर्दीची वर्षं धरली तर नहपान त्याच्या कितीतरी आधी, इसवीच्या पहिल्या शतकात जातो. पंडितांनी यावर शंभर वर्षं वाद घातला आहे. १९०६ मध्ये नाशिकजवळ जोगलटेंभीला नहपानाच्या तेरा हजारांहून जास्त चांदीच्या नाण्यांचा साठा सापडला. त्यातल्या नऊ हजारांहून अधिक नाण्यांवर सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीने आपला ठसा पुन्हा उमटवला होता. त्यावरून नहपान आधी आणि गौतमीपुत्राचा विजय नंतर, एवढं पक्कं झालं. पण गौतमीपुत्राच्या नाण्यासमोर संग्रहालयात कोणतं इसवी वर्ष लिहायचं, ते त्या एका न लिहिलेल्या अक्षरावरच अडलेलं आहे.

संग्रहालयातल्या पाट्यांवर दिसणाऱ्या इंग्रजी वळणाच्या अक्षरांबद्दल लोक फार विचारतात. ए.डी. आणि सी.ई. यांत वर्षाचा फरक शून्य आहे. बी.सी. आणि बी.सी.ई. यांतही. ए.डी. आणि बी.सी. यांत येशूचा उल्लेख येतो, सी.ई. आणि बी.सी.ई. तो टाळतात, इतकंच. मराठीत दोन्हींना इ.स. आणि इ.स.पू. पुरतात, आणि ते बदलायची मला काही गरज वाटत नाही. ही मोजणी रोममधल्या डायोनिसियस एक्झिगुअस या साधूने इ.स. ५२५ मध्ये ईस्टरची कोष्टकं करताना बसवली. त्यात शून्य वर्ष नाही. इ.स.पू. १ नंतर लगेच इ.स. १. म्हणून इ.स.पू. ५० ते इ.स. ५० ही शंभर वर्षं नव्हेत, नव्व्याण्णव आहेत.

बी.पी. हे मात्र निराळं प्रकरण. उत्खननाच्या अहवालांत ते येतं, आणि त्याचा अर्थ ‘आजच्या आधी’. पण हा ‘आज’ १९५० सालचा, कायमचा गोठवलेला. विलार्ड लिबी यांनी १९४० च्या दशकाच्या अखेरीस किरणोत्सारी कार्बनवरून वय काढण्याची पद्धत बसवली, आणि पुढे अणुचाचण्यांनी हवेतलं कार्बनचं प्रमाण बिघडलं. त्यामुळे १९५० ही रेघ ठरली. ३००० बी.पी. म्हणजे सुमारे इ.स.पू. १०५०, इ.स.पू. ३००० नव्हे. तेही कच्चं वय असेल तर खऱ्या वर्षाशी जुळवून घ्यावं लागतं. जुळवलेल्या आकड्याबरोबर ‘कॅल’ लिहिलेलं असतं. शिरूर तालुक्यातल्या इनामगावला डेक्कन कॉलेजने उत्खनन केलं, तिथे जळकं धान्य आणि कोळसा होता, त्यावर ही पद्धत चालली. धातूवर ती चालत नाही. दायमाबादला १९७४ मध्ये सापडलेले ब्राँझचे रथ, हत्ती, गेंडा आणि रेडा यांच्या वयावर म्हणूनच एकमत नाही.

तारखांचं एक वेगळं भांडण आहे, ते युरोपी कागदांमुळे आपल्याकडे आलं. पोर्तुगालने १५८२ मध्ये नवं, ग्रेगोरियन कॅलेंडर घेतलं. इंग्रज १७५२ पर्यंत जुन्याच ज्युलियन कॅलेंडरवर राहिले. सतराव्या शतकात दोन्हींत दहा दिवसांचं अंतर होतं. शिवाजी महाराजांच्या राज्याभिषेकाला इंग्रजांचा वकील हेन्री ऑक्झिंडेन रायगडावर हजर होता, त्याच्या जुन्या पद्धतीने तो दिवस ६ जून १६७४. नव्या पद्धतीने १६ जून. शिवाय इंग्रजांचं वर्ष तेव्हा २५ मार्चला बदलत असे, म्हणून जानेवारी १६६४ मधल्या सुरतेच्या लुटीचं त्यांचं पत्र १६६३ चं दिसतं. ज्येष्ठ शुद्ध त्रयोदशी शके १५९६ मध्ये असा कोणताही गोंधळ नाही. तिथी माहीत असली की वाद मिटतो.

नाशिकला गोदाकाठी नारोशंकराच्या देवळातली घंटा जरूर पाहा. तिच्यावर १७२१ कोरलेलं आहे, सरळ इसवी साल, कारण ती पोर्तुगीजांची. चिमाजी अप्पाने १७३९ मध्ये वसई घेतली तेव्हा अशा घंटा मराठ्यांच्या हाती आल्या आणि देवळादेवळांत लागल्या. देऊळ १७४७ चं आहे. घंटेवरचं साल देवळाला लावू नये.

एका संग्रहालयात तोफेखालच्या पाटीवर मी ‘१६५२’ वाचलं. तोफेवर देवनागरीत ‘शके १६५२’ कोरलेलं होतं, मी स्वतः वाकून वाचलं. पाटी लिहिणाऱ्याने शके गाळलं आणि बाजीराव पेशव्याच्या काळातली तोफ शिवाजी महाराजांच्या काळात गेली. तिथल्या माणसाला सांगितलं, त्याने वहीत नोंद घेतली. पुन्हा गेले तेव्हा पाटी तशीच होती. पाटीवर मूळ सन जसाच्या तसा लिहून त्याच्या पुढे इसवी वर्ष दिलं, तर चूक झाली तरी पुढच्या माणसाला ती पकडता येते. मूळ अक्षर काढून टाकलं की चूक सापडायची वाटच बंद होते. हे खर्चाचं काम नाही, छापताना चार अक्षरं जास्त लागतात, आणि प्रत्येक संग्रहालयाने ते करायलाच हवं.

तुमच्या घरात, गावच्या देवळात, विहिरीच्या कट्ट्यावर, पितळी समईच्या बुडाशी कुठे साल असेल, तर फोटो काढताना आकड्याच्या आधीची आणि नंतरची अक्षरं फोटोत येऊ द्या. कागदाचा वरचा भाग आणि अगदी शेवटची ओळ कधी कापू नका. कागदावर पेनाने काही लिहू नका, लॅमिनेशन तर करूच नका. वेगळ्या चिठ्ठीवर मूळ शब्द दिसले तसे उतरवा, शके, सु॥, फसली, संवत, जे असेल ते, आणि मग एखाद्या मोडी जाणणाऱ्याला दाखवा. इसवी सन तो काढून देईल.